चौक, ओसरी आणि गॅलरी : सामायिक अंतर्गत अवकाशाची महाराष्ट्रातील वाटचाल

वास्तूचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः दर्शनी भागाकडे, शिल्पालंकरणाकडे अथवा बांधवून घेणाऱ्याच्या वैभवाकडे जाते. घराच्या आतील मोकळी जागा, तिच्यावर कोणाचा हक्क होता, ती कोण झाडीत व सारवीत असे, आणि तिच्या आधाराने माणसे एकमेकांशी कशी बांधली जात, हे प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहतात. अलीकडे गृहरचनेच्या चर्चेत ‘समुदायभाव’ आणि ‘टिकाऊपणा’ ही दोन उद्दिष्टे वारंवार मांडली जातात, व ती साधण्यासाठी चौकाचे किंवा ओसरीचे पुनरुज्जीवन करावे असेही सुचविले जाते. या सूचनेमागे एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, अवकाशाला विशिष्ट आकार दिला म्हणजे त्यातून विशिष्ट समाजजीवन आपोआप निपजते. पुण्यातील वाडा आणि मुंबईतील चाळ या दोन वास्तुप्रकारांचा इतिहास हे गृहीत तपासून पाहण्यास उपयोगी पडतो.

१

पेशवेकालीन पुण्यातील वाडा ही मुळात खणांची रचना होय. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. आणि घर किती खणांचे, यावरून त्याचा विस्तार सांगितला जाई. दगडी जोते, त्यावर सागवानी खांब व तुळया, खांबांच्या दरम्यान भाजलेल्या अथवा कच्च्या विटांच्या जाड भिंती, मजल्याला कडीपाट आणि वर कौले किंवा धाबे, असा हा सांगाडा असे. भार मुख्यतः लाकडी चौकटीवर पडत असल्यामुळे भिंत पाडून खण वाढविणे अथवा कमी करणे फारसे अवघड नसे. लाकडी सांधे उकलता येत. त्यामुळे एका घराच्या तुळया दुसऱ्या घरास लागत. पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान आजही मोल देऊन घेतले जाते, यावरून त्या सामग्रीच्या टिकाऊपणाची कल्पना येते.

या सांगाड्याच्या मध्यभागी चौक असे. दिंडी दरवाजातून देवडी, देवडीतून चौक, चौकाभोवती ओसरी किंवा सोपे, त्यामागे माजघर, आणि त्याच्याही आत देवघर व स्वयंपाकघर, असा प्रवेशाचा क्रम ठरलेला होता. चौकाचे कार्य दुहेरी होते. रात्री थंड झालेली हवा चौकात साठून सकाळी सभोवतालच्या खोल्यांत पसरे, जाड मातीच्या भिंती दुपारची उष्णता आत पोहोचण्यास विलंब लावीत, आणि ओसरीच्या छायेमुळे ऊन व पाऊस दोहोंपासून आतल्या भागाचे रक्षण होई. आड किंवा हौद, तुळशीवृंदावन आणि धुणे, निवडणे, वाळवणे यांची जागा चौकाभोवतीच असल्याने घरातील श्रमाचा मोठा भागही येथेच पार पडे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, सुमारे १७५० मध्ये, कात्रजहून नळाने पाणी आणून शहरातील हौदांत खेळविण्यात आले. त्यामुळे काही वाड्यांतील पाण्याची सोय सार्वजनिक व्यवस्थेशी जोडली गेली.

शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० मध्ये व वास्तुशांती १७३२ मध्ये झाली. १८२८ च्या आगीत त्याचा लाकडी भाग नष्ट झाला, आणि आज जोती, तट व दरवाजे एवढेच शिल्लक आहे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेला विश्रामबागवाडा मात्र त्याच्या कोरीव खांबांसह पाहावयास मिळतो. या वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली व पुढे नगरपालिकेचे कामकाजही चालले. एकाच रचनेत निवास, विद्यालय आणि कचेरी सामावू शकली, ती खणांच्या लवचीक मांडणीमुळे. लाकडाला अग्नीचे भय आणि मातीला पाण्याचे भय, ही या सामग्रीची मर्यादाही मात्र लक्षात ठेवली पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील कितीतरी मातीची घरे बसली, ती या मर्यादेमुळेच.

२

वाड्याच्या चौकात एकत्रपणा होता, हे खरे. परंतु तो कोणाचा एकत्रपणा होता, हा प्रश्न टाळता येत नाही. देवडीपासून देवघरापर्यंतचा क्रम हा जसा हवेचा व प्रकाशाचा क्रम होता, तसाच तो अधिकाराचाही क्रम होता. कोणी देवडीत थांबावे, कोणी ओसरीवर बसावे आणि कोणी माजघराचा उंबरा ओलांडावा, हे जातीवरून, नात्यावरून व लिंगभेदावरून ठरे. अस्पृश्य मानलेल्या माणसास उच्चवर्णीयांच्या घरातील आडाला हात लावण्याची मुभा नव्हती. ओसरी ही पुरुषांची बैठक, तर माजघर व परसू हा स्त्रियांचा वावर. त्यातही सोवळ्या-ओवळ्याचे आणि विटाळाचे निर्बंध स्त्रियांच्याच वाट्यास अधिक येत. रमाबाई रानडे यांचे आत्मकथन १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. माडीवर पतीजवळ अक्षरे गिरवणाऱ्या सुनेस खाली उतरल्यावर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष कसा सोसावा लागे, याचे चित्र त्यात उमटले आहे. माडी व माजघर यांमधील जिना हा एका अर्थाने दोन काळांमधील जिना होता.

म्हणूनच एकोणिसाव्या शतकात या आतील अवकाशाचे जे नवे उपयोग झाले, त्यांचे ऐतिहासिक मोल फार मोठे आहे. बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. वाड्याची रचना बदललेली नव्हती; बदलला होता तो प्रवेशाचा नियम. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या हौदाच्या बांधणीत नवे असे काहीच नव्हते. तथापि पुण्यातील घरगुती अवकाशाच्या इतिहासात त्याच्याइतकी मूलगामी घटना क्वचितच आढळेल. कारण सामायिक अवकाशाचा खरा आराखडा दगडविटांत नसून हक्कांत असतो, हे तिने दाखवून दिले. भिडे वाड्याची जीर्ण इमारत डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकाच्या उभारणीसाठी पाडण्यात आली.

सार्वजनिक गणेशोत्सवाचाही या संदर्भात विचार करावयास हवा. देवघरातील मूर्ती चौकात किंवा मंडपात आली, म्हणजे घराच्या सर्वांत आतील भागातील विधी सर्वांत बाहेरच्या भागात आला. मुंबईत गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून हा उत्सव साजरा होऊ लागला. ज्या अवकाशात हे घडले, तो वाड्याचा चौक नव्हता. चाळीचे अंगण होते.

३

चाळीचा जन्म समुदायभाव वाढविण्याच्या हेतूने झालेला नाही. कापड गिरण्या व गोदी यांकडे लोटलेल्या मजुरांना कमीत कमी खर्चात आणि कमीत कमी जागेत सामावणे, हा तिचा हेतू होता. एका ओळीत खोल्या, समोर सलग गॅलरी, टोकाला संडास व नळ, आणि मध्ये किंवा बाजूला जिना, ही मांडणी काटकसरीतून आली. प्रत्येक खोलीस वेगळा जिना, वेगळा नळ देण्याचा खर्च गॅलरीमुळे वाचत असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या लोकसंख्येपैकी निम्म्याहून बरीच अधिक माणसे एकखोली बिऱ्हाडांत राहत होती. कोकणातील एकाच गावचे पुरुष मिळून भाड्याने घेत असलेल्या गावकीच्या खोलीत तर पाळीप्रमाणे झोपण्याची वेळ येई. अशा स्थितीत गॅलरी ही शोभेची जागा नव्हती. ती खोलीचा उरलेला अर्धा भाग होती.

१८९६ च्या प्लेगने या वस्तीकडे पाहण्याची राज्यकर्त्यांची दृष्टी बदलली. घरांत शिरून तपासणी करणे, उजेड यावा म्हणून छपराची कौले काढणे, भिंतींना चुना फासणे, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर खुणा करणे, असे उपाय योजले गेले. पुण्यात या तपासण्यांनी निर्माण झालेल्या क्षोभाचे पर्यवसान १८९७ मध्ये रँडच्या वधात झाले. घराचा उंबरा हा केवळ वास्तूचा भाग नव्हे, याचे याहून तीव्र प्रत्यंतर दुसरे नाही. १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेड व वारा यांसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुरस्कारिला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत येणारी रेषा जमिनीशी याहून मोठा कोन करू नये. म्हणजे स्थूलमानाने दोन इमारतींमधील अंतर समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मे तरी असावे, असा त्याचा अर्थ. या गणिताने जुन्या चौकाचाही एक दोष स्पष्ट होतो. एक-दोन मजली वाड्यात जो चौक हवेशीर असतो, तोच चार मजल्यांच्या इमारतीत अंधाऱ्या विहिरीसारखा होतो. चौक ही एक विशिष्ट उंचीपुरती यशस्वी होणारी युक्ती आहे; ती सर्वकाळ लागू पडणारे सूत्र नव्हे.

ट्रस्टने बांधलेल्या चाळींपैकी परळच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे दीर्घ काळ वास्तव्य होते. पुढे ते दादर येथे स्वतः बांधलेल्या ‘राजगृहा’त राहावयास गेले. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे सिमेंट-काँक्रीटच्या एकूण २०७ चाळी उभारल्या. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० याप्रमाणे ८० खोल्या, आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, असे त्यांचे स्वरूप. येथे दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधून जाणारा बोळ ठेवण्यात आला. मूळ संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. प्रत्यक्षात सुमारे १६,००० झाल्या, आणि आरंभीची काही वर्षे त्यांतील पुष्कळशा रिकाम्या राहिल्या. त्या काळी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक असलेले पॅट्रिक गेडिस हे या योजनेचे कठोर टीकाकार होते. जुनी वस्ती समूळ उखडण्यापेक्षा तिच्यातील चांगले राखून आवश्यक तेवढीच काटछाट करावी, असे त्यांचे नगररचनेविषयीचे मत होते.

ज्या चाळींस तज्ज्ञांनी अयोग्य ठरविले, त्यांतच पुढे दाट समाजजीवन नांदले, हा या इतिहासातील विचार करण्याजोगा भाग आहे. त्याचे कारण बोळाच्या आकारात शोधून सापडणार नाही. पाणी ठरावीक वेळी येई. म्हणून नळाशी क्रम लावावा लागे. खोली लहान होती. म्हणून मुले शेजारच्या घरी अभ्यासास बसत व पाहुणे गॅलरीत झोपत. आजारपण, बाळंतपण, मृत्यू आणि संप या प्रसंगी शेजाऱ्यावाचून गत्यंतर नसे. या गरजांतून भजनी मंडळे, व्यायामशाळा, उत्सव मंडळे व भिशी उभ्या राहिल्या. गिरणगावातील अनेक स्त्रिया आपल्या खोलीतच खानावळ चालवीत. अशा स्त्रियांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. त्यापूर्वी, १९५९ मध्ये, गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला; त्यातूनच श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था वाढली. सामायिक गच्ची उपलब्ध नसती, तर पापड वाळत घालण्याचा पहिला प्रश्नच सुटला नसता.

तथापि चाळीचे गौरवीकरणही इतिहासास धरून होणार नाही. गॅलरीतून जशी मदत येई, तशी पाळतही येई. स्त्रियांना एकांत नव्हता, आणि रात्रीच्या वेळी सार्वजनिक संडासापर्यंत जाणे हे त्यांच्या दृष्टीने नित्याचे संकट होते. खोल्यांची वाटणी पुष्कळदा जात, गाव व धर्म यांनुसार होई. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींत दलित वस्तीविरुद्ध उसळलेली दंगल सर्वज्ञात आहे. एकाच आराखड्याच्या इमारती, एकच अंगण आणि एकच नळ असूनही माणसांमधील दरी बुजली नाही. जवळीक आणि समता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली अवकाशाने साधू शकते, दुसरी केवळ अवकाशाने साधत नाही.

४

वाडा व चाळ या दोहोंच्या ऱ्हासाचे कारण मुख्यत्वे देखभालीच्या व्यवस्थेत आहे. वाडा टिकत होता तो सागवानामुळे, हे अर्धसत्य होय. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले परतणे, जमिनी सारवणे, भिंतींचे पोपडे लिंपणे, वाळवी लागलेला खांब बदलणे ही कामे नियमाने होत, म्हणून तो टिकत होता. सारवण्याचे काम स्त्रियांचे, आणि कौले परतण्याचे व सुतारकामाचे काम कारागिरांचे. हा श्रम स्वस्त होता किंवा विनामूल्य गृहीत धरला जाई. वाड्यांत भाडेकरू बिऱ्हाडे वाढली, एका कुटुंबाचा चौक आठ-दहा कुटुंबांचा झाला, तेव्हा वापर सर्वांचा राहिला. दुरुस्तीची जबाबदारी मात्र कोणाचीच निश्चित उरली नाही.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी पूर्वीच्या पातळीवर गोठविली गेली. महागाईच्या काळात भाडेकरूंना त्यामुळे मोठे संरक्षण मिळाले. गिरणी कामगार शहराच्या मध्यभागी राहू शकला, तो या कायद्याच्या बळावर. परंतु मालकाला दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही, आणि भाडेकरूला दुरुस्तीचा अधिकार नव्हता. पडझडीच्या घटना वाढल्यावर १९६९ मध्ये मुंबईतील जुन्या इमारतींच्या दुरुस्ती व पुनर्रचनेसाठी कायदा करून उपकर बसविण्यात आला व स्वतंत्र मंडळ नेमण्यात आले. दुरुस्तीचा प्रश्न अशा रीतीने शासनाच्या अंगावर आला. इमारतीचे आयुष्य तिच्या सामग्रीपेक्षा तिच्या मालकी-संबंधांवर अधिक अवलंबून असते, या विधानास याहून मोठा पुरावा नको.

मालकी आणि देखभाल यांची सांगड घालण्याचा एक निराळा प्रयत्न सहकारी गृहरचनेने केला. गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहरचना संस्था १९१५ मध्ये स्थापन झाली; भारतातील या प्रकारच्या आरंभीच्या संस्थांत तिची गणना होते. जिना, गच्ची, पाण्याची टाकी व आवार यांची मालकी संस्थेची, त्यांचा खर्च सभासदांचा, आणि निर्णय सर्वसाधारण सभेचा, हे तत्त्व वाड्यात नव्हते व चाळीतही नव्हते. पानशेतच्या पुरानंतर पुण्यात बेघर कुटुंबांसाठी ज्या वसाहती झाल्या, त्यांतही सहकारी संस्थांचा वाटा होता. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने या चळवळीस राज्यव्यापी चौकट दिली. परंतु यातील पुष्कळ संस्था जातीच्या अथवा पंथाच्या पायावर उभ्या राहिल्या. देवडीत थांबविण्याचा जुना अधिकार सभासदत्वाच्या नियमात शिरला, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही. सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या प्रकरणात ग्राह्य धरला, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे.

५

आज या इतिहासाचे नवे प्रकरण लिहिले जात आहे. वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर, आणि टोकाच्या सामायिक संडासाऐवजी घरातील स्वच्छतागृह मिळणे, हा लाभ निःसंशय मोठा आहे. चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी तो कमी लेखणे योग्य नाही. विशेषतः स्त्रियांच्या दृष्टीने तो केवळ सोयीचा नसून प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. परंतु तीन मजल्यांचे बिऱ्हाड चाळीस मजल्यांच्या मनोऱ्यात गेले, म्हणजे उद्वाहन, पाण्याचे पंप, अग्निशामक यंत्रणा व त्यांचा विजेचा खर्च यांवर ते घर कायमचे अवलंबून राहते. जी देखभाल पूर्वी झाडू, चुना व सुतार यांनी भागत होती, तिला आता दरमहा रोख पैसा लागतो. कायम वेतनाची नोकरी नसलेल्या कुटुंबास दीर्घ काळ हा भार पेलता येईल काय, यावर नव्या घराचा टिकाऊपणा ठरावयाचा आहे.

सामायिक अवकाशाची स्थितीही बदलली आहे. वाड्यात चौक व चाळीत गॅलरी या येण्याजाण्याच्या आणि कामाच्या वाटेवर होत्या. त्यांना टाळून घरात शिरणे शक्य नव्हते. मनोऱ्यात सामायिक जागा असतात, परंतु त्या स्वतंत्र मजल्यावर अथवा तळाशी, ठरावीक कारणासाठी राखलेल्या असतात. तेथे मुद्दाम जावे लागते, आणि गेले नाही तरी काही अडत नाही. गरजेतून निर्माण होणारा सहवास निवडीवर सोपविला, म्हणजे तो अधिक मुक्त होतो. पण अधिक दुबळाही होतो. यांपैकी काय स्वीकारावे, याचा निर्णय केवळ वास्तुशास्त्रज्ञाचा नाही.

वरील विवेचनावरून अंतर्गत अवकाशाच्या अभ्यासासाठी चार कसोट्या सुचविता येतात. सामायिक जागा नित्याच्या वाटेवर व नित्याच्या कामाशी जोडलेली आहे काय. तिच्यात प्रवेश करण्याचा हक्क सर्वांस सारखा आहे काय. तिच्या देखभालीचा श्रम व खर्च कोणावर पडतो आणि तो त्यास पेलतो काय. आणि सहवास नको असेल तेव्हा माणसास दार लावून घेता येते काय. पेशवेकालीन चौक पहिल्या कसोटीस उतरतो, दुसऱ्या कसोटीस उतरत नाही, आणि तिसरीत त्याचे यश अदृश्य श्रमावर उभे आहे. चाळीची गॅलरी पहिलीत पूर्ण उतरते, चौथीत पूर्ण फसते. सहकारी संस्था तिसरीत या दोहोंहून सरस ठरते, परंतु दुसरीत पुष्कळदा अडखळते. नव्या मनोऱ्यांनी चौथी कसोटी प्रथमच सर्वसामान्य कामगार कुटुंबाच्या आटोक्यात आणली आहे. उरलेल्या तिन्हींचा निकाल येत्या काही दशकांत लागेल. तोपर्यंत पाडल्या जाणाऱ्या प्रत्येक वाड्याची व चाळीची मोजमापे, तिच्यातील वापराच्या वाटा, पाणी भरण्याचे क्रम, दुरुस्तीचे हिशेब आणि रहिवाशांच्या साक्षी नोंदवून ठेवणे हे इतिहास, समाजशास्त्र व वास्तुशास्त्र या तिन्ही विभागांचे समाईक काम आहे. इमारत पाडली गेल्यावर तिचा नकाशा कदाचित दप्तरात सापडेल. नळावरचा क्रम मात्र कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.